नानांची उसनवारी

साळवे नाना कधी कुणाला ‘या’ म्हणायचे नाहीत. त्यांना तुम्ही हवे असलात तर ते तुमच्या दारात येऊन उभे राहायचे, चपला काढाव्यात की नाही याचा जरा वेळ विचार करायचे आणि मग विचारायचे, “तुमच्याकडं शिडी हाय का?” शिडी नसली तर दोर, दोर नसला तर पाना, नाहीतर कंदील. तुम्ही वस्तू देऊन दार लावून घ्यायचात. थोड्या वेळानं पाहावं तर आपणच पायात चपला सरकवून त्या वस्तूच्या मागं निघालेलो.

ही युक्ती आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला पुष्कळच गोष्टी कळत नव्हत्या, आणि कळत नाहीत हेही कळत नव्हतं, त्यामुळं दिवस मजेत जात होते. माझ्या नातवंडांना वाटतं की आजी पहिल्यापासून अशीच शहाणी असणार. म्हणून मी त्यांना त्या काळातले फोटो दाखवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या संगमनेरात तेव्हा एक सेवा क्लब होता. नाव सांगत नाही, कारण त्यातले तीन-चार जण अजून आहेत आणि सकाळी माझ्याच रस्त्यानं फिरायला येतात. दर गुरुवारी संध्याकाळी सभा भरायची. दातांचे डॉक्टर अध्यक्ष, बाकी सिमेंटवाले, भांडीवाले, कॉलेजातले दोन प्राध्यापक आणि एक वकील. टेबलावर पितळी घंटा. सभा सुरू झाली की घंटा, संपली की घंटा, आणि मधे बटाटेवडा. सेवाही व्हायची. वृक्षारोपण, डोळे तपासणी, वह्यावाटप, आणि मग पुन्हा वृक्षारोपण, कारण पहिलं शेळ्यांनी खाल्लेलं असायचं.

मी महिला प्रतिनिधी. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळं दर सेवेला नवी साडी. वृक्षारोपणाला मी हटकून हिरवी नेसायचे. एका फोटोत तर रोप कुठं संपतं आणि मी कुठं सुरू होते ते कुणालाच सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, “यातली उंच ती आपली.”

तर क्लबाच्या वरच्या कार्यालयाकडून एकदा फर्मान आलं, की तुमच्यात तरुण रक्त नाही, तरुण आणा. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. सगळ्यांत तरुण म्हणजे वकीलसाहेब, आणि त्यांना जावई आलेला होता. मग एक तरुण समिती नेमली आणि तिची अध्यक्ष मला केलं. कारण काय, तर माझी मुलगी नंदा कॉलेजात शिकत होती. दुसरंही एक कारण मला मनातून पटलेलं होतं, की मी स्वतःच तरुण दिसते. नंदाचे पंजाबी ड्रेस मी कधीमधी घालून पाहायचे. दार लावून.

समितीनं युवा मेळावा ठरवला. हॉल घेतला, कमान लावली. पुढच्या सहा ओळी तरुणांसाठी म्हणून सुतळी बांधून राखून ठेवल्या. भाषण मी आरशासमोर इतकं घोकलं होतं, की ‘उद्याचे आधारस्तंभ’ म्हणताना हात आपोआप वर जायचा. हॉल अगदीच ओकाबोका दिसू नये म्हणून डॉक्टरांनी त्याच कार्यक्रमात निवृत्त झालेल्या मंडळींचे सत्कारही घुसवले. तेवढी हुशारी आमच्यात होती.

तरुण आले नाहीत. एकही नाही. नंदासुद्धा नाही, तिला त्या दिवशी नेमकी मैत्रिणीची मेंदी होती. सत्कारमूर्ती मात्र वेळेआधी आले. त्यांत साळवे नाना होते.

नानांना गावात ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण तोंडानं फार थोडे ओळखायचे. सगळे आवाजानं ओळखायचे. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. नाशिक-पुणे रस्त्यावरचं आमचं गाव, दिवसभर गाड्यांची ये-जा. बोळातल्या घराघरात त्यांचा आवाज यायचा, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाशिककडून येऊन पुण्याकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे,’ आणि लगेच तेच वाक्य पुन्हा. माइकवर नाना इतकं शुद्ध बोलत, की शाळेतल्या बाई पोरांना म्हणायच्या, स्टँडवर जाऊन ऐका. माइक खाली ठेवला की मात्र ते त्यांच्या गावच्या बोलीत यायचे. तरी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायची सवय काही सुटली नव्हती.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. गाडी लागली की स्वतः आत चढायचे, सीटवरचे रुमाल दोन बोटांत धरून खाली आणायचे आणि माइकवर सांगायचे, ‘एक निळा रुमाल पुण्याला निघाला आहे. मालकाने त्याला निरोप देण्यास यावे.’ सगळा स्टँड हसायचा. रुमालवाला भांडायला आला की नाना थंडपणे म्हणायचे, “मानूस न्हाई तर जागा न्हाई. मानूस न्हाई तर जागा न्हाई.”

तर शाल-नारळ घेऊन झाल्यावर नानांनी माइक मागितला. आम्हाला वाटलं, आभार मानतील. त्यांनी त्या सुतळी बांधलेल्या ओळींकडं पाहिलं आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाले, “श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे. पुढील सहा ओळी रिकाम्या आहेत. पुढील सहा ओळी रिकाम्या आहेत.” आणि खाली जाऊन बसले.

मी तापले. कार्यक्रम संपल्यावर सुतळी गुंडाळत होते, तर हे समोर. माझ्या हातातलं सुतळीचं दुसरं टोक धरून म्हणाले, “ताई, तुमी पाटी लावली. गाडी लावलीच न्हाई.”

मी म्हटलं, म्हणजे काय?

“पोरान्ला तुमी काय करा म्हनलं? बसा म्हनलं. बसायला तर पोरगं घरी बी बसतंय, फुकाट.”

पुढच्या गुरुवारी ते आपणहून सभेला आले आणि सभासद करून घ्या म्हणाले. डॉक्टरांनी घेतलं. फारसं मनापासून नव्हे, पण आमच्यात गळती लागलेलीच होती.

नाना स्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचे. निवृत्त होण्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या मंडळी गेल्या होत्या. मुलगा भोसरीला कारखान्यात होता. त्याच्याकडं का जात नाही असं कुणी विचारलं, की म्हणायचे, तिथं गाड्यांचा आवाज येत न्हाई. इथं तो चोवीस तास यायचा. नवा कंट्रोलर घोषणा करायचा, पण एकदाच. नाना खोलीत भाकरी खाता खाता ती दुसऱ्यांदा पुरी करायचे. कुणासाठी, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

त्यांच्या घरात एकट्या माणसाच्या घरात असतात तेवढीच भांडी, एक ताट, एक वाटी, एक तांब्या. आणि या सगळ्यांत एक भलंमोठं जर्मनचं पातेलं, ज्यात नंदा लहानपणी सहज मावली असती. बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या मंडळी त्यात सगळ्या आळीसाठी खीर करायच्या. त्या गेल्यावर नानांनीही केली. थोडी करताच येत न्हाई, म्हणाले, पातेलं ऐकत न्हाई.

क्लबात त्यांनी मांडलेलं पहिलं आणि शेवटचं काम म्हणजे रविवारची खिचडी. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातून लोक आजारी माणूस घेऊन एसटीनं यायचे आणि सरकारी दवाखान्यात त्याला दाखल करून बाहेर लिंबाखाली बसून राहायचे, दोन-दोन दिवस. आजाऱ्याला दवाखान्यातून जेवण मिळायचं, बरोबर आलेल्याला मिळायचं नाही. नानांनी वर्षानुवर्षं हे लोक गाडीतून उतरताना पाहिले होते. रविवारी दुपारी या लोकांना गरम खिचडी द्यायची, एवढंच. डॉक्टर म्हणाले, प्रायोगिक तत्त्वावर करून पाहा. क्लबाच्या भाषेत याचा अर्थ, तुमचं तुम्ही पाहा.

लिंबाला ताडपत्री बांधायची होती. नाना गेले बाळूकडं. बाळू म्हणजे रंगारी काम करणाऱ्या शंकररावांचा मुलगा, बारावीला गचकलेला आणि दिवसभर पानाच्या टपरीशेजारच्या कठड्यावर बसणारा. त्याला आमच्या समितीनं आधी दोनदा निमंत्रणपत्रिका दिली होती. त्यानं तिचा पुढं तंबाखू ठेवायला उपयोग केला. नानांनी काहीच निमंत्रण दिलं नाही. शिडी तेवढी मागितली.

पुढचं मी नंदाकडून ऐकलं. नाना ती शिडी घेऊन दवाखान्यात गेले, ती मुद्दाम तिरकी लावली आणि धोतर सावरत वर चढायला लागले. बाळू फाटकापाशी उभा होता, आपली शिडी म्हातारा कशी वापरतोय ते बघत. दुसऱ्या पायरीवरच तो ओरडला, “ओ नाना, उतरा खाली. तुमी मराल आन शिडी बी मोडंल.”

नाना वरूनच म्हणाले, “मी मेलो तर चाललं. शिडीची काळजी आसंल तर धर.”

त्यानं धरली. मग नानांना खाली उतरवून स्वतः चढला. मग ताडपत्री बांधून झाल्यावर खिचडी वाढायला लागला, कारण ताडपत्री सुटली तर शिडी लागेल म्हणून नाना काही ती नेऊ देईनात. आणि रविवार संपला तरी शिडी परत गेलीच नाही. “तिथंच हाय की,” नाना म्हणायचे, “पुढल्या रविवारी ने.”

अन्वरचं तसंच. त्याच्या वडिलांचा टेम्पो होता आणि माल बांधायचा दोर त्याला जिवापलीकडं. नानांनी तो मागून आणला आणि पाण्याची टाकी अशी काही बांधली, की अन्वरला ते बघवेना. “नाना, ही गाठ हाय का गुंतवळ?” म्हणत तो आत शिरला तो रमजानच्या रोज्यांतही यायचा थांबला नाही, उपाशीपोटी उभा राहून लोकांना वाढायचा. नंदाचा टेपरेकॉर्डर नेला. मंडळी तिथं सुतकी बसतात, जरा गाणी लावू, म्हणाले. आणि सुरू करायचं बटण सोडून बाकी सगळी बटणं दाबत बसले. माझी मुलगी, जी आईच्या मेळाव्याला मेंदीमुळं आली नाही, ती सायकल दामटत दवाखान्यात गेली आणि दर रविवारी जात राहिली.

मला याचा फार राग यायचा. तरुण समितीची अध्यक्ष मी, माझ्या लेटरहेडवर तसं छापलेलं, आणि तरुण मात्र या धोतरवाल्या माणसाच्या मागं. शेवटी एका गुरुवारी वडा खाता खाता मी विचारलंच, की तुम्ही यांना असं सांगता तरी काय?

नानांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. “ताई, पोराला ये म्हनलं की येत न्हाई. त्याला वाटतं, माझ्यावाचून काय अडलंय तिथं? आन खरंच काय अडल्यालं नसतं. त्याची वस्तू मागा. वस्तू गेली की आर्धा जीव तिकडं जातोय. ऱ्हायल्याला आर्धा मागून येतो.” मग वड्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, “तुमच्याकडं सतरंजी हाय का मोठी?”

होती. माहेरची, विणकराकडून करून घेतलेली, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. मी मोठ्या मनानं दिली. रविवारी सकाळी मला एकदम आठवलं, की खिचडीत हळद असते. लिंबू रंगाची सिल्कची साडी नेसलेली होते, दुपारी कुठंतरी बारशाला जायचं होतं. म्हटलं, पाच मिनिटं डोकावून सतरंजीवर कुणाला सांडू नका एवढं सांगून येऊ. गेले तर सतरंजीवर एक बाई तापानं फणफणलेलं नातवंड मांडीवर घेऊन बसलेली. तिला काय सांगणार? उभी राहिले. उभ्या माणसाच्या हातात कुणीतरी कांदे दिले. बारसं राहिलं.

त्या दिवशी मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, की आज मी स्वतः कामाची पाहणी केली. पाहणी! डोळे कांद्यानं सुजलेले, साडीला हळदीचे पाच बोटांचे ठसे. बाळूच्या शिडीसारखी, अन्वरच्या दोरासारखी माझी सतरंजीही तिथंच राहिली आणि मीही दर रविवारी जात राहिले, आणि आपण पकडले गेलोय हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा आधी संताप आला. मग वाटलं, काही असो, नानांनी मला तरुणांसाठी टाकलेल्या जाळ्यात पकडलं. बाकी कुणी तेवढंही केलं नव्हतं.

ती दोन-तीन वर्षं छान गेली. एक पोरगं नोकरीला गेलं, की नाना दुसऱ्याच्या दारात उभे. कुणाची कढई, कुणाचा बॅटरीचा दिवा, एकाचं तर हार्मोनियम आणलं होतं, खिचडीला ते कशाला हवं ते देवाला ठाऊक. काम पोरंच करायची. नाना भिंतीशी एका दगडावर बसून राहायचे आणि सगळ्यांचं झालं की तळाची खरवड खायचे. एवढा एकटा माणूस, पण त्या दगडावर बसला की घरात बसल्यासारखा दिसायचा.

मग आमचा गौरव झाला.

नगरला क्लबाचं जिल्हा संमेलन होतं. त्यात तरुणांच्या सहभागासाठीची ढाल आम्हाला मिळाली. डॉक्टर ती मांडीवर घेऊन परत आले. पुढच्या गुरुवारी घंटा वाजवून म्हणाले, की ढाल मिळालेल्या क्लबानं दारोदार उसनवारी करणं शोभत नाही. आता आपलं स्वतःचं साहित्य असलं पाहिजे. अॅल्युमिनियमची शिडी, नायलॉनचा दोर, नव्या सतरंज्या, नवा टेप, सगळं आलं. त्यावर क्लबाचं नाव घालायचं ठरलं. लाल रंगात की निळ्या, यावर अर्धा तास चर्चा झाली. लाल, असं मी ठामपणे सांगितलं. लाल उठून दिसतो. पोरांनाही बिल्ले दिले आणि गुरुवारच्या सभेची हजेरी सक्तीची केली.

आणि कृतज्ञता सोहळा केला. ज्याची त्याची वस्तू स्टेजवर सन्मानानं परत. बाळूला त्याची रंगाचे ओघळ पडलेली लाकडी शिडी आणि वर एक गुलाब. तो बिचारा शिडी खांद्यावर आणि गुलाब दातांत धरून खाली उतरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर उभी राहून वाजवल्या. नाना मागच्या ओळीत हात मांडीखाली घालून बसले होते.

बाहेर आल्यावर ते माझ्याबरोबर थोडं चालले. मग म्हणाले, “ताई, आता मी कुनाच्या दारात काय म्हनून जाऊ?”

मला ती त्यांची नेहमीसारखी गंमत वाटली. मी हसले.

पुढच्या रविवारी पोरं आली, पण लगेच परत गेली. त्याच्या पुढच्या रविवारी निम्मी आली. कुणाचं भांडण नाही, राग नाही. नानांनी बाळूला कठड्यावर गाठलं तेव्हा तो अगदी भोळेपणानं म्हणाला, “नाना, क्लबाची हाय की आता शिडी. आमचं काय काम?” पुढं तो पिंपरीला रंगाच्या ठेक्यावर गेला. अन्वर नाशिकच्या फेऱ्या मारायला लागला. नंदाचं लग्न ठरलं. ही माणसं तशीही गेलीच असती, तरुण माणसं जाणारच. पण आधी एक गेलं की त्याच्या जागी दुसरं यायचं. आता नाना कुणाच्या दारात उभे राहिले तर पोरं आतूनच विचारायची, काय पायजे? आणि नानांना काहीच नको असायचं.

मग एका रविवारी क्लबाची शिडी हरवली. चौकीदाराला विचारलं, भंगारवाल्याला विचारलं. नाना तोवर एका नव्या पोराकडून शिडी मागून घेऊनही आले होते, आणि ते पोरगं मागं मागं येऊन वाढायलाही लागलं होतं. त्या रविवारी नाना किती खुशीत होते! पण दोन दिवसांनी क्लबाचा शिपाई कसला तरी निरोप घेऊन त्यांच्या खोलीवर गेला, तर कॉटखालून शिडीची दोन्ही टोकं बाहेर आलेली. एका टोकावर पंचा वाळत घातलेला.

गुरुवारी डॉक्टरांनी घंटा वाजवली. “साळवे, हे काय आहे?”

नाना उभे राहिले. “लपवली, सायेब.”

“कशासाठी?”

“ती आसली की कुनी येत न्हाई.” आणि मग, सवयीनं, पण माइकवरच्या त्या शुद्ध आवाजात नव्हे, “कुनी येत न्हाई.”

मग वकीलसाहेब हसले, मग डॉक्टर, मग सगळेच. मीही हसले. वाईट कुणीच बोललं नाही. वडे आले. नानांनी आपला वडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि ते गेले. त्यानंतर ते सभेला आले नाहीत.

खिचडी आम्ही तिघं-चौघं बायका आणि नाना मिळून काही दिवस रेटत होतो. नवे अध्यक्ष आले, त्यांना रक्तदानात जास्त रस होता. लिंबाखालची ताडपत्री फाटली, ती कुणी बदलली नाही.

मग नाना संध्याकाळी स्टँडवर दिसायला लागले. पुण्याच्या फलाटासमोरच्या बाकावर. गाडी लागायची, पाठीवर बॅगा घेतलेली पोरं चढायची. नाना त्यातल्या एखाद्याला म्हणायचे, “बाळ, जरा पेन देतो का?” तो द्यायचा. नाना खिशातून तिकिटाचा कपटा काढून त्यावर काहीतरी टिपल्यासारखं करायचे, मधेच पेन झटकायचे, टोपण उघड-बंद करायचे. पोरगं पेनासाठी थांबायचं. थांबलं की बोलायचं, कुठल्या गावचा, कुठं चालला, जेवला का. आपलं पेन परत मिळेपर्यंत. मी भाजी घेऊन येताना हे कितीदा पाहिलं. एकदा जवळून जाताना कपट्याकडं नजर गेली. नुसत्या रेघा होत्या.

शेवटी मुलगा त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी नाना माझ्या दारात उभे. चपला काढाव्यात की नाही, विचार चाललेला. हातात माझी सतरंजी, धुऊन, घडी घालून. कृतज्ञता सोहळ्यात तीच एक परत द्यायची राहून गेली होती, आणि मी मागितली नव्हती.

“ठेवा हो,” मी म्हटलं.

“कशाला? तिथं बसनार कोन?”

चहा घेतला. ते उठले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “नाना, तुमच्याकडं ते मोठं पातेलं आहे ना? द्याल का?”

ते थांबले. “कशाला?”

“या रविवारी खिचडी टाकते म्हणते. माझ्याकडं एवढं मोठं नाही.”

खोटं होतं. आमच्या माळ्यावर लग्नाची पातेली पडली होती आणि ती नानांनीच दोनदा मागून नेलेली होती. नाना हसले, पुढचा पडलेला दात दिसेल एवढं. “ताई,” म्हणाले, “माझंच औशिद मला व्हय?” पण संध्याकाळी पातेलं हातगाडीवर घालून स्वतः आणून दिलं. आत वर्तमानपत्र घातलेलं, पोचा येऊ नये म्हणून.

रविवारी मी लिंबाखाली चूल मांडली. या वेळी साडी साधी होती, वयही झालं होतं. खिचडी करायला माणूस म्हणून मी एकटी. तांदूळ ओतले, पाण्याचा अंदाज चुकला, धूर सगळा डोळ्यात. पुण्याकडून येणारी दुपारची गाडी लागल्याची घोषणा ऐकू आली, एकदाच. मी मुद्दाम फाटकाकडं पाहिलं नाही.

“खाली लागतंय ताई,” पाठीमागून आवाज आला. “लागतंय खाली. द्या तो झारा.”

छत्री काखेत, कपाळावर घाम. पातेल्याचं कसं चाललंय एवढंच बघायला आलो, म्हणाले, लगीच जानार हाय. आणि धोतर खोचून ढवळायला बसले. आम्ही दोघांनी वाढलं. लोक जेवले, हात धुऊन पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले. नाना मधे मधे फाटकाकडं पाहायचे. मी बाळूच्या आईला सांगून ठेवलं होतं, रविवारी तो घरी असतो कधी कधी. तो आला नाही. कुणीच आलं नाही. तळाची खरवड नानांनी दोन भाग करून एक मला दिला.

राखेनं पातेलं घासून झाल्यावर मी म्हटलं, आता घेऊन जाता का?

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” नाना म्हणाले. “न्हाईतर मला यायला कारन काय?”

ते पुन्हा आले नाहीत. पावसाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले असं कळलं, आणि दिवाळीनंतर नाना गेल्याचं त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. पातेलं माझ्याकडं आहे. माळ्यावर ठेवलं नाही, ओट्याखाली ठेवलंय. येता जाता गुडघ्याला लागतं.

पण त्या शेवटच्या खिचडीच्या रविवारी संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले होते. पुण्याची गाडी, रविवारची, म्हणजे सुट्टी संपवून परत निघालेल्या पोरांची. धक्काबुक्की. कंट्रोलरनं घोषणा केली आणि नानांनी माझ्याशेजारी उभं राहून ती हळूच दुसऱ्यांदा म्हटली. मग ते चढले. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. बसल्याबरोबर त्यांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि शेजारच्या सीटवर पसरला. मी खालून ओरडले, “नाना, रुमाल?” त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही तिकडं लक्ष दिलं नाही.

गाडी भरत गेली. पोरं त्या रुमालाकडं बघून पुढं सरकत होती. शेवटी एक जण थांबला, हडकुळा, पाठीवर बॅग, आणि वाकून नानांना काहीतरी विचारलं. नानांनी वर पाहिलं. रुमाल उचलला, त्याला बसायला दिलं. मग हात पुढं करून काहीतरी म्हणाले. त्या पोरानं खिशाला लावलेलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

गाडी हलली. नाना टोपण उघडत होते, सावकाश, आणि ते पोरगं त्यांच्याकडं बघत बसलं होतं.